शोभेचं चाक

मला पहिल्यांदा बघणारं माणूस आधी दोन पावलं मागे सरकतं. मी पूर्ण दिसावी म्हणून. मग ते जवळ येतं, माझ्या लाल चाकावरून हात फिरवतं आणि म्हणतं, काय देखणी वस्तू आहे! मित्रांनो, आजवर माझ्याबद्दल एवढंच बोललं गेलं आहे. मी काय काम करायचे, कशी करायचे, आणि आता का करत नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

मी कॉफीच्या बिया दळणारी एक जुनी गिरणी. हल्लीच्या बोलीत ग्राइंडर म्हणा हवं तर. पण तुमच्या स्वयंपाकघरात घूं घूं करणाऱ्या डब्याएवढी मी नाही. चांगली पुरुषभर उंच आहे. अंग ओतीव लोखंडाचं. दोन्ही बाजूंना दोन मोठी चाकं, त्यांच्या आऱ्या वेलीसारख्या वळलेल्या. डोक्यावर पितळेचं रुंद तोंड, त्यावर घुमटासारखं झाकण, आणि झाकणाच्या टोकाला मूठ म्हणून बसवलेला एक पितळी पक्षी. पोटाशी पूड पडायचा कप्पा. अंगभर निळी फुलं, सोनेरी पानं. स्वतःच्या रूपाचं इतकं वर्णन स्वतःच करू नये, हे मला कळतं. पण पुढची सगळी गोष्ट या रूपामुळेच घडली, त्यामुळे ते सांगणं भाग आहे.

कारखान्यात मला बऱ्याच हातांनी घडवलं. त्यातले दोन मला अजून आठवतात. एक होता माझ्या आतल्या चकत्यांना दाते पाडणारा कारागीर. दोन जाड पोलादी चकत्या समोरासमोर, मधे केसाएवढी फट, आणि त्यांच्याकडे बिया ढकलत नेणारं एक मळसूत्र. त्याने ते इतकं नेमकं केलं होतं, की बी आत गेली की परत फिरायची सोय नाही. दुसरा होता रंगारी. चाकाच्या कडेने सोनेरी रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा आणि रेघ पुरी झाली की खोकायचा. रंगाऱ्याचं काम जगाने पाहिलं. दाते पाडणाऱ्याचं काम माझ्या पोटात गेलं, ते कधी कुणाला दिसलं नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. माझी चाकं शोभेची नव्हती. ती इतकी मोठी आणि जड होती कारण एकदा फिरायला लागली की त्यांच्या वजनानेच दळण सोपं व्हायचं. फुलं शोभेची होती, पक्षी शोभेचा होता. चाक कामाचं होतं.

मला ज्यांनी विकत घेतलं ते तेव्हा नुकतीच मिसरूड फुटलेले गृहस्थ होते. पुढे सगळे त्यांना नाना म्हणू लागले, म्हणून मीही नानाच म्हणते. रस्त्याला लागून त्यांचं कॉफीच्या पुडीचं दुकान. खाली दुकान, मागे बिया भाजायची भट्टी, वर राहायच्या खोल्या. नानांनी मला दर्शनी काचेच्या अगदी मागे उभी केली. सकाळी ते बाह्या सरसावून चाकाची मूठ धरायचे आणि पहिले दोनचार फेरे कण्हतकुथत द्यायचे. मग चाक वेग घ्यायचं आणि नाना एका हाताने मला फिरवत दुसऱ्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचे. शाळेत जाणारी मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर त्यांच्या श्वासाचे गोल ढग उठायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, नाना, तुमची कॉफी बरी आहे हो, पण आम्ही येतो ते हिला बघायला. नानांना हे लागायचं नाही. ते म्हणायचे, माझंही तसंच आहे, बायकोशी भांडण झालं की मी हिच्यासमोरच येऊन बसतो.

त्या चाकाचा एक मोठा फायदा होता. दुकानात तुम्ही कुठेही असा, भट्टीशी, गल्ल्यापाशी, जिन्यावर, नुसती नजर टाकली की कळायचं मी चालू आहे की बंद. कान देऊन ऐकायला नको, कुणाला विचारायला नको. त्यातून त्या घराचा नियम झाला. चाक फिरतंय, हात मागे. चाक थांबलं, हात मोकळे. नानांनी तो आपल्या मुलाला शिकवला. मुलगा मोठा झाला, त्याने दुकान हाती घेतलं, नानांचे खांदे दुखायला लागले म्हणून चाकाला पट्टा लावून मोटार बसवली. तरी नियम तोच राहिला, कारण पट्टा चाकालाच होता. मोटार चालू म्हणजे चाक फिरणार. इतकं सरळ होतं सगळं.

मग घरात सून आली, आणि काही काळाने त्या दोघांना मुलगी झाली. मुलीला सगळे मुंगी म्हणायचे. रांगत्या वयापासून तिला जमिनीवर पडलेला कॉफीचा दाणा दिसला की ती तो उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, कधी नानांच्या चपलेत, कधी बाबांच्या खिशात. म्हणून मुंगी.

मुंगीची आई फार जपणारी होती. मित्रांनो, तुमच्या आयाही जपत असतील, पण ही जरा जास्तच. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने चिंध्या बांधल्या होत्या. जिन्याला फळी. औषधांचं कपाट इतकं उंच, की तिला स्वतःलाच स्टुलावर चढावं लागायचं. मुंगी खोकली तर आई आधी तिचं तोंड उघडून बघायची, मग पाठ थोपटायची. नाना चेष्टा करायचे. एकदा म्हणाले, "सूनबाई, पोरीला कापसात गुंडाळून कपाटात ठेवा आणि किल्ली गिळून टाका." ती हसली. पण हसतानाही तिची नजर मुंगीवरून हलली नाही, हे मी पाहिलं.

ती सगळ्यात जास्त घाबरायची मला. म्हणजे माझ्या चाकाला. मुलगी दिवसभर दुकानात, आणि तिथेच हे धूड गरगरतंय. तिने मुंगीला नियम असा काही शिकवला, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पोरीने बिनचूक सांगितला असता. रोज सकाळी केस विंचरताना उजळणी व्हायची. चाक फिरतंय? हात मागे. चाक थांबलं? हात मोकळे. मुंगी खरोखरच दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभी राहायची आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत हलायची नाही. मोटार बंद केल्यावरही माझं चाक वजनामुळे थोडा वेळ फिरत राहतं. तेवढा वेळही ती थांबायची. शेवटचा फेरा, मग अर्धा फेरा, मग एक हेलकावा, मग काहीच नाही. तेव्हाच तिचे हात पुढे यायचे.

एवढंच नाही, ती दुसऱ्यांकडूनही नियम पाळून घ्यायची. एकदा एक चांगले पोट सुटलेले गृहस्थ मी चालू असताना माझ्या फुलांना हात लावायला पुढे झाले. मुंगी त्यांच्या आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हात मागे." त्या गृहस्थांनी मुकाट्याने हात मागे बांधले. सगळं दुकान हसलं. आई हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर, एक मोठं ओझं कुणीतरी अर्धं उचलल्यासारखं काहीतरी होतं.

चाक थांबलं की मुंगीचं काम सुरू व्हायचं. ती स्टुलावर चढायची, पक्ष्याला धरून झाकण उचलायची आणि मुठीमुठीने बिया माझ्या तोंडात घालायची. जास्त भाजलेल्या बिया तेलकट असतात, त्या घशाशी एकमेकींना चिकटून अडकतात. नाना त्या लाकडी दांड्याने खाली सारायचे. मुंगी बोटांनी सारायची, आणि त्यांना सांगायची, बसा खाली, बसा. आई हे रोज बघायची आणि काही बोलायची नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. चाक थांबलेलं असायचं.

मग समोरच्या बाजूला एक नवं दुकान उघडलं. त्याला दुकान म्हणायचं की काय ते मला ठाऊक नाही. पिवळे दिवे, मऊ खुर्च्या, भिंतीवर मोठमोठी चित्रं. लोक तिथे तासन्‌तास बसायचे, कॉफी कमी प्यायचे आणि कपांचे फोटो जास्त काढायचे. आमच्याकडचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. बाबा, म्हणजे मुंगीचे बाबा, गल्ल्यामागे बसून नुसते समोर बघत राहायचे. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. चालतं दुकान आपल्या हातून बुडतंय, ही भीती माणसाला काय काय सुचवते.

त्यांना मी सुचले. समोर खुर्च्या असतील, पण अशी गिरणी आहे का त्यांच्याकडे? त्यांनी रंगारी बोलावला. माझा जुना रंग खरवडून नवा चकचकीत लाल चढला. फुलं पुन्हा निळी झाली, पक्षी लिंबाने घासून लखलखीत. काचेच्या वर माझ्यावर प्रकाश पाडणारा दिवा लागला. आणि खरंच, लोक थांबू लागले. आत येऊन माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले.

पण दोन अडचणी होत्या. पट्ट्याचं काळं तेल उडून नव्या लाल रंगावर शिंतोडे बसायचे. आणि चाक फिरत असलं की फोटोत त्याच्या वेलीच्या आऱ्या दिसायच्याच नाहीत, नुसता लाल धूर. लोक म्हणायचे, जरा थांबवता का हो चाक? चाक थांबवलं की दळण थांबायचं. दळण सुरू केलं की फोटो बिघडायचा. बाबांच्या नाकी नऊ आले.

त्याच सुमारास मुंगीची वेणी लांब झाली. एके दिवशी ती हात मागे बांधून अगदी शहाण्यासारखी उभी होती आणि तिच्या रिबिनीचं टोक चाकाच्या वाऱ्याने उडून आऱ्यांच्या दिशेने गेलं. लागलं नाही, काही झालं नाही. पण आईने ते पाहिलं. तिने मुंगीला उचललं ते थेट वर नेऊन ठेवलं, आणि खाली येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. हे चाक बंद करायचं, नाहीतर मी हिला घेऊन वर बसते आणि दुकानात पाऊल टाकत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं.

बाबांना तर हेच हवं होतं. त्यांनी फिटरला बोलावलं. फिटरने एका दुपारात काम उरकलं. पट्टा काढला. एक नवी मोटार खालच्या कपाटात रबरावर बसवली, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. ती सरळ चकत्या फिरवणाऱ्या आतल्या दांड्याला जोडली. चाकं दांड्यावरून सुटी केली, नुसती अडकवून ठेवली. मग त्याने एका चाकाला बोटाने ढकललं. ते हलकेच फिरलं आणि थांबलं. तो म्हणाला, झालं, आता हे नुसतं शोभेचं. बटणाचा काळा-पिवळा डबा माझ्या अंगावर वाईट दिसतो, असं बाबांना वाटलं. तोही फिटरने उचलून कपाटात आत नेला आणि कपाटाला सुरेख दार लावून दिलं.

संध्याकाळी आई जवळ आली. तिने माझ्या चाकावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत मी दळत होते, आणि चाक तिच्या तळहाताखाली गार आणि स्वस्थ होतं. ती म्हणाली, "आता जिवाला घोर नाही."

सगळे खूश होते. दळणही चालू आणि फोटोही चांगला. चाक थांबवलं होतं. मला कुणी थांबवलं नव्हतं. आणि मुंगीला कुणी काही सांगितलं नव्हतं. लपवलं नाही हो, तसं समजू नका. कुणाच्या मनातच आलं नाही. धोका काढून टाकला, आता त्यात पोरीला सांगण्यासारखं काय उरलं?

एक इशारा मिळाला होता. नाना एकदा वरून खाली आले, सवयीने चाकाकडे बघितलं, मी बंद आहे असं समजून झाकण उचललं आणि हात आत घालणार, तेवढ्यात आत बिया चुरडल्याचा आवाज त्यांना आला. त्यांनी हात मागे घेतला. स्वतःच हसले आणि म्हणाले, म्हातारा फसला बघा, जन्म गेला हिच्यासमोर तरी फसला. बाबा हसले, मुंगी टाळ्या पिटून हसली, पुड्या बांधता बांधता आईही हसली. मित्रांनो, मी त्या घरातलं पुष्कळ हसणं ऐकलं आहे. त्यातलं हे एकच अजून माझ्या आत घरघरतं.

तो दिवस सुट्टीचा होता. दुपार. बाबांनी मला सुरू केलं, काळ्याभोर तेलकट बिया तोंडात ओतल्या, आणि तेवढ्यात एक जोडपं आलं. त्यांना काचेबाहेरून फोटो हवा होता, ते पुढे, मागे मी. त्यांचा फोन घेऊन बाबा रस्त्यावर गेले. नाना भट्टीशी. आई मागच्या टेबलाशी पुड्या बांधत होती.

बिया घशाशी अडकल्या. खाली चकत्या रिकाम्याच फिरू लागल्या. चुरडण्याचा आवाज थांबला. रबरावरची मोटार तर मुळातच ऐकू येत नव्हती.

मुंगी स्टुलावर चढली. झाकण बाजूला केलं. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिने चाकाकडे पाहिलं. चाक थांबलेलं. तरी ती थोडा वेळ उभीच राहिली, रोजच्यासारखी, शेवटच्या हेलकाव्याची वाट बघत. त्याच वेळी आईने मान वर केली. डोळ्यांत तेल घालून जपणारी ती बाई, तिनेही तेच पाहिलं जे ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. चाक थांबलेलं आहे. मुलीचे हात मागे आहेत. ती पुन्हा पुडीला दोरा गुंडाळू लागली.

मुंगीने हात पुढे घेतला. बसा खाली, बसा, असं ती म्हणाली.

पुढचं मी सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते, की आई त्या टेबलावरून माझ्यापर्यंत कशी आली ते मला दिसलंच नाही. ती आली आणि तिने चाक धरलं. दोन्ही हातांनी, छातीशी कवटाळून, सगळं अंग त्यावर टाकून धरलं, कारण त्या घरात मला थांबवायचं म्हणजे चाक थांबवायचं. ते थांबलेलंच होतं. ती थांबलेल्या चाकाला थांबवत होती. नाना भट्टीकडून धावत आले आणि त्यांनी दुसरं चाक धरलं. म्हातारे हात, त्यांनी मला जन्मभर फिरवलं होतं, थांबवलं होतं. मी आत फिरतच होते. मला स्वतःहून थांबता येत नाही, मित्रांनो. कुठल्याच यंत्राला येत नाही.

बाबांनी ते काचेबाहेरून, फोनच्या चौकटीतून पाहिलं. ते आत आले, ते सुरेख दार उघडलं, बटण दाबलं. मग मी थांबले.

मुंगीच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. अंगठ्याच्या शेजारचं, आणि त्याच्या शेजारचं.

दुकान बरेच दिवस बंद होतं. माझ्यावर एक जुनी चादर टाकली होती. चादरीतून मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. भेटायला येणारे लोक खालीच उभं राहून बोलायचे. कुणी म्हणे, मुलं ऐकतच नाहीत हो हल्ली. कुणी म्हणे, एवढी जपणारी आई आणि नेमकं तिच्याच घरात. मुंगीची आत्या आली होती. ती मनाने चांगली, पण तिची जीभ सैल. पोरगी पहिल्यापासूनच आगाऊ, सारखी त्या गिरणीशी लुडबुड, सांगून कुणाचं ऐकेल तर ना, असं ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. बाबासुद्धा एकदा रडत रडत मुलीला म्हणाले होते, कशाला घातलास गं हात, कशाला? 

मग एकदा माझ्यावरची चादर निघाली. मला विकायचं ठरलं होतं आणि घेणारा बघायला येणार होता. नाना होते, बाबा होते, आत्या होती. आई मुंगीला घेऊन जिन्यावरून उतरली. मुंगीने मला पाहिलं आणि तिचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. पट्टी बांधलेला हातसुद्धा.

"आई," ती म्हणाली, "चाक थांबलं होतं."

बाबांनी काचेकडे तोंड फिरवलं. मुंगीला वाटलं ऐकू गेलं नसावं. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, की मी बघितलं होतं, ते थांबलं होतं.

आत्या म्हणाली, जाऊ दे आता ते. चूक झाली ना? पुन्हा असं करायचं नाही, शहाणी मुलगी.

तेव्हा आई बोलली. ती मोठ्या आवाजात बोलणारी बाई नव्हती, तेव्हाही बोलली नाही. "वन्सं, तिची चूक झाली असं या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही. मी सांगितलं तेच तिने केलं. बदललं आम्ही. मी म्हणाले चाक थांबवा, यांनी थांबवलं, आणि तिला सांगायला आम्ही विसरलो." मग ती मुलीसमोर खाली बसली. "मुंगे, तू बरोबर होतीस. चाक थांबलं होतं. पण ते खोटं थांबलेलं होतं."

 मुंगीचे हात अजून मागेच होते. मग तिने विचारलं, "मग खरं थांबलेलं कसं ओळखायचं?"

 आई तशीच मुलीचे दोन्ही खांदे धरून बसून राहिली. बाबा काचेकडे तोंड करून उभे होते. नाना माझ्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांच्या संगतीत त्यांनी माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं.

घेणाऱ्याला मी आवडले. त्याला मी एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवायची होती. तो मागे सरकला, जवळ आला, फुलांवरून हात फिरवला. आईने त्याला एक अट घातली. हिच्या आतल्या चकत्या आणि मळसूत्र काढल्याशिवाय ही इथून हलणार नाही. त्याला त्यात काहीच वाटलं नाही, आतलं त्याला नकोच होतं. पुन्हा तोच फिटर आला.  त्याने माझं पोट उघडलं आणि त्या कारागिराने केसाएवढी फट ठेवून बसवलेल्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या. आई सगळा वेळ शेजारी उभी होती. सगळं बाहेर आल्यावर तिने स्वतः माझ्या तोंडात हात घातला, कोपरापर्यंत, आणि आत चाचपून बघितलं. मगच तिने बाजूला होऊन वाट दिली.

शेवटचे काही दिवस मी तिथे होते तेव्हा मुंगीला पाहत होते. ती डाव्या हाताने अक्षरं गिरवायला शिकत होती. ते तिला जमत होतं, मुलांना जमतं. पण दुसरी एक गोष्ट मी पाहिली, तिचं काय करायचं ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभी गाडी असली की ती तिच्या जवळून जायची नाही. बंद दारासमोर थांबायची. वरच्या खोलीतला पंखा बंद असला तरी त्याच्याखाली बसायची नाही. प्रत्येक वेळी विचारायची, आई, हे खरंच थांबलंय का? आणि आई प्रत्येक वेळी उठायची, जायची, स्वतःचा हात लावायची आणि म्हणायची, हो, थांबलंय. कधी कंटाळली नाही. पण मुंगीला ते खरं वाटलं असं मला कधी दिसलं नाही.

आता मी त्या हॉटेलात आहे. खाली गालिचा आहे. माझ्या तोंडात कागदी फुलं खोचली आहेत. माझ्या पोटात काही नाही. लोक येतात, फोटो काढतात, लहान मुलांना उचलून माझ्याजवळ धरतात. ती मुलं चाकाला हात लावतात आणि खिदळतात. माझ्यापासून त्यांना आता काही भीती नाही, तरी प्रत्येक वेळी माझं लोखंड आतून आक्रसतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी तुम्हाला सांगितलं जातं की मोठ्यांचं ऐकत जा. मी ते सांगणार नाही. तुम्ही ऐकताच. तुमचं चुकलं नसताना तुम्हाला लागलं, आणि चार माणसं म्हणाली की तुझंच चुकलं, तर गप्प बसू नका. जे पाहिलं ते सांगा. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

आणि ही गोष्ट तुम्हाला वाचून दाखवणारं जे मोठं माणूस शेजारी बसलं असेल, त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात काही बदललंत, एखादी वस्तू हलवली, एखादं यंत्र आणलं, एखाद्या जुन्या वस्तूला नवं रूप दिलंत, तर ते आधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सांगा. हाताला धरून न्या, दाखवा, काल कसं होतं आणि आज कसं आहे ते नीट समजावा. बाकीचे आपापलं बघून घेतात. तुमचा शब्द न् शब्द पाळणारं माणूस घरात तेवढं एकच असतं.